कासवाच्या शिट्टीची नोंद

२५ नोव्हेंबर २०१८, रविवार

खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली ही डायरी अकरा महिने कोरी पडली होती. आज ती उघडायला कारण घडलं.

काल संध्याकाळी जमीन पुन्हा हादरली. आधी डोंगराच्या पोटात सुरुंग फुटावा तसा आवाज झाला आणि मग मांडणीवरची भांडी हलली. नर्मदा चहा गाळत होती, ती गाळणं हातात घेऊनच अंगणात पळाली. मी कासव उचलायला मागे वळलो म्हणून ती अजून माझ्यावर रागावलेली आहे. म्हणाली, "घर पडलं असतं तर दगडासाठी मेला असता." ती कासवाला दगड म्हणते.

पण लिहायची गोष्ट वेगळी आहे. हादरा बसायच्या साधारण अर्धा तास आधी कासवाने शिट्टी मारली होती. बारीक, नाकातून. मी त्याला हातात घेऊन चिकू भरवत होतो म्हणून मला ऐकू आली. चार वर्षांत ते असं कधी वाजलं नव्हतं.

२०१४ साली पावसाळा संपताना बुधीबाईला ते आमच्या चिकूच्या वाडीत सापडलं. बुधीबाई गंजाडहून आमच्याकडे कामाला येते. कासवाची पाठ काळी आणि तिच्यावर पिवळ्या चांदण्या. कुणीतरी पाळून सोडून दिलेलं असणार. आमचा प्रितेश नुकताच वापीला नोकरीला गेला होता आणि घरात मी आणि नर्मदा एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो. मी कासव ठेवून घेतलं.

त्याचे आवाज मला पाठ आहेत. डोकं आत घेताना फुस्स करतं, तो राग. पान तोडताना कट् वाजतं, ती भूक. सकाळी पाण्यात बसवलं की घशातून एक हुंकार देतं, तो आनंद. शिट्टी हा चौथा आवाज. तिचा अर्थ लावायला हवा. माझं शिक्षण सहावीपर्यंत, त्यामुळे डोक्यात फार मावत नाही. म्हणून लिहून ठेवायचं ठरवलं.

२९ नोव्हेंबर

काल दोनदा वाजलं. काल काही झालं नाही, पण आज पहाटे खिडकीचे गज थरथरले. म्हणजे इशारा खराच होता, फक्त वेळ पुढेमागे झाली.

प्रितेशचा फोन आला. कंपनीतल्या मशीनच्या धुराने त्याचा घसा बसलाय बहुतेक, फार हळू बोलतो. शेवटी फोन नर्मदेकडे दिला. ती बराच वेळ बोलली, पण काय बोलणं झालं ते मला नीट सांगत नाही. सांगते ते भांड्यांकडे तोंड करून.

४ डिसेंबर

कुंपणापलीकडच्या बाबल्याला मी सांगायला नको होतं. चाळिशी ओलांडली तरी त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता रोज संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून विचारतो, "काका, काय म्हणतं तुमचं हवामान खातं?"

"सकाळी वाजलं."

"मग खाट आत टाकू की अंगणात? तेवढं विचारून सांगा त्याला."

तो चेष्टा करतो, पण त्याची आई बायजी हात जोडते. तिचं म्हणणं, पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे, मग पाठीला खाज सुटली हे कासवालाच आधी कळणार. मला ते पटतं. मी रोज देवपूजा झाली की त्याच्या पाठीला हळदकुंकू लावतो. देवळात पायरीजवळ दगडी कासव आहे, त्याला सगळे लावतात. मग जिवंत कासवाने काय पाप केलंय?

त्याआधी त्याची आंघोळ. मग एक पिकलेला चिकू, बिया काढून. दिवसभर ते मोरीजवळच्या घमेल्यात असतं, तळाला चार बोटं पाणी. काही कमी पडू दिलेलं नाही.

१३ डिसेंबर

दुपारी दोन धक्के बसले. दोन्हीच्या आधी शिट्टी नव्हती. मात्र मी सकाळभर वाडीत चिकू उतरवून घेत होतो, तेव्हा ते वाजलं असेल. नर्मदेला विचारलं तर म्हणाली, "ते दिवसभर वाजतच असतं. सर्दी झालीय त्याला. थंडीचं पाण्यात बसवता, दुसरं काय होणार?"

मी म्हटलं, "कासवाला पाण्याची सर्दी? उद्या म्हणशील माशाला खोकला झाला."

ती हसली नाही. त्याचं नाक ओलं असतं हे खरं आहे. पण घमेल्यात पाणीच असतं, मग नाक कोरडं कसं राहील?

१९ डिसेंबर

तीन दिवस चिकू खाल्लेला नाही. मधला गर काढून तोंडाशी धरला तरी मान वळवतं. डोळे चिकटल्यासारखे झालेत. मला जेवण जात नाही. आपल्या हातून काही चुकलं असेल का, हे रोज आठवून बघतो आणि काहीच सापडत नाही. त्यामुळे जास्तच भीती वाटते.

नर्मदा म्हणते गुरांच्या दवाखान्यात न्या. तिला सांगणं सोपं आहे. असं कासव घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. डहाणूत कोणाला दाखवलं तर दुसऱ्या दिवशी फॉरेस्टवाले दारात उभे राहतील. कासव नेतील आणि मलाही नेतील. या वयात माझं नाव पेपरात नको.

"फॉरेस्टवालेच बरे," नर्मदा म्हणाली. "त्यांना कळतं तरी."

तिला ते घरातून जायलाच हवं आहे. पहिल्यापासून.

२३ डिसेंबर, रविवार

आज उधव्याला जाऊन आलो. तिकडे मला कोणी ओळखत नाही. भाजीच्या पिशवीत फडकं अंथरून कासव ठेवलं, वर मेथीची जुडी. आधी तलासरीपर्यंत जीप, पुढे रिक्षा. शेजारच्या बाईने मेथी कशी घेतली म्हणून विचारलं तेव्हा मला घाम फुटला.

सुनिल डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. घरामागच्या गोठ्यात जनावरं तपासतात. पिशवीत बघून म्हणाले, "काका, मी गाईबकऱ्यांचा माणूस. कासव आयुष्यात तपासलं नाही." तरी त्यांनी कुणा मित्राला फोन लावला आणि तो सांगेल तसं बघत गेले. नाक बघितलं, तोंड उघडून बघितलं, मग कासव कानाशी धरून ऐकलं.

मी माझी डायरी काढली आणि चारही आवाज समजावून सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, हे आपल्यासारखं बोलत नाही. डोकं आत घेतं तेव्हा छातीतली हवा बाहेर ढकलली जाते, ते फुस्स. त्यात राग नाही. आणि ही शिट्टी म्हणजे नाक चोंदलंय, छाती भरलीय. श्वास वाजतोय."

"पण भूकंपाच्या आधी—"

"भूकंप रोज होतायत. हेही रोज आजारी आहे. मेळ बसणारच."

मग त्यांनी त्याच्या राहण्याखाण्याची चौकशी केली आणि मी सांगत गेलो तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. हे कोरड्या रानातलं कासव आहे म्हणाले. पाण्यातलं नाही. चिकूने याचं पोट बिघडतं, याला गवत, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं द्यायची. "तुम्हाला कोणी चार वर्षं ओल्या घमेल्यात बसवलं असतं तर?"

सकाळच्या पाण्यातला तो हुंकार, ज्याला मी आनंद म्हणत होतो, त्याबद्दल विचारायचा धीर झाला नाही.

दर तिसऱ्या दिवशी एक, अशी सात इंजेक्शनं. आज पहिलं झालं. औषध जड आहे, मूत्रपिंडावर ताण येतो, तरी सातही पूर्ण करायची. रोज कानाशी धरून श्वास ऐकायचा. आणि कोरडं, उबदार ठेवायचं. निघताना म्हणाले, "बरं झालं की फॉरेस्टला देऊन टाका. मी तुम्हाला बघितलं नाही, तुम्ही मला बघितलं नाही."

२६ डिसेंबर

दुसरं इंजेक्शन. सुई टोचली तेव्हा पाय असा आत ओढला की माझाच पाय आखडला. घमेलं कोरडं केलं, तळाला गवत घातलं. चिकू बंद. हळदकुंकवाचं मी विचारलं नव्हतं, पण तेही थांबवलं.

कानाशी धरलं की शिट्टी ऐकू येते. पूर्वी आली की पुढे काय होणार याची धास्ती वाटायची. आता धास्ती वेगळी आहे.

२९ डिसेंबर

तिसरं झालं. जास्वंदीचं अर्धं पान खाल्लं! नर्मदेनेच पान आणून दिलं होतं. म्हटलं, "दगडाला पान?" तर म्हणाली, "माझ्याकडे आणखी एक दगड आहे, त्याला रोज दोन वेळ वाढते."

२ जानेवारी २०१९

धक्के वाढलेत. सगळा पाडा बाहेर झोपतो. आम्हीही अंगणात ताडपत्री बांधली. थंडी हाडात शिरते. कासवाला घोंगडीत गुंडाळून उशाशी ठेवतो. घरात एकटं कसं ठेवू, छप्पर पडलं तर?

मला सर्दीताप आहे. कानांना दडे बसलेत. चौथ्या इंजेक्शनला काल जाता आलं नाही.

७ जानेवारी

ताप गेला. आज चार वेळा कासव कानाशी धरलं. शिट्टी नाही! उजव्या कानाने बघितलं, डाव्या कानाने बघितलं. अजिबात नाही. तीन इंजेक्शनांतच गुण आला.

डॉक्टरांनी सातही पूर्ण करायला सांगितलं होतं. पण जड औषध म्हणाले होते तेही डॉक्टरच. छाती मोकळी झाल्यावर मूत्रपिंड का खराब करून घ्यायचं? शिवाय या हादऱ्यांत नर्मदेला एकटं टाकून उधव्याला जाणं बरं नाही.

माझ्या मनात आणखी एक आहे ते लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, शिट्टी थांबली म्हणजे जमीनही आता थांबेल असं वाटतं.

८ जानेवारी

भांडण झालं. नर्मदा म्हणते ते अजून वाजतं. मी कासव तिच्यासमोर कानाला लावून दाखवलं. "कुठे वाजतंय? दाखव."

"वाजतंय ते दाखवू कसं?"

"कारण वाजत नाही. तुला ते घरातून जायला हवंय एवढंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डहाणूला कानाच्या डॉक्टरला दाखवून येऊ." दडे कधीच मोकळे झालेत असं मी तिला सांगितलं. हादऱ्याच्या आधीची जमिनीतली गुरगुर पाड्यात सगळ्यांत आधी मला कळते. काल मीच ओरडलो म्हणून बायजी वेळेवर बाहेर आली. बहिऱ्या माणसाला हे जमेल का?

११ जानेवारी

नर्मदा बाजारात गेली होती. तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा असं सांगून गेली. मी स्वयंपाकघराच्या दारातच बसलो होतो. एकही शिट्टी झाली नाही आणि आत डाळ जळून कोळसा. शिट्टीचं वजन खराब झालंय. उद्या नवीन आणतो.

१५ जानेवारी

संक्रांत. बायजीने तिळाचे लाडू पाठवले. प्रितेश आला नाही, फोन केला असं नर्मदा म्हणाली. मी घरातच होतो, फोन कधी वाजला?

या वर्षी पाखरं गप्प आहेत. जास्वंदीवर शिंजीर येतो, चोच उघडतो, मिटतो, पण गात नाही. रातकिडेही नाहीत. हादऱ्यांनी सगळ्या जिवांचा धीर सुटलाय. कासव तेवढं शांत आहे. दिवसभर मान लांब करून बसतं. सूर्याकडे तोंड वर करून. बघून बरं वाटतं.

१९ जानेवारी

बुधीबाई शेवग्याचा पाला घेऊन आली आणि कासवाजवळ बसून म्हणाली, "बाबा, तुझा कासव लय वाजतो."

मी विचारलं, "तुला नर्मदेने सांगितलं ना असं म्हणायला?"

"मला कोण कशाला सांगल? मला कान हाय ना." मग माझ्याकडे बघून हसली. "तू म्हातारा झाला बाबा."

माझ्यापेक्षा ती चार-पाच वर्षांनीच लहान असेल. दोघी बायकांनी मिळून ठरवलेलं दिसतं. मी पाला घेतला आणि तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे सांगून गेली की नाही तेही कळलं नाही. रागावून तशीच गेली असणार.

कासवाने पाल्याला तोंड लावलं नाही.

२८ जानेवारी

दहा दिवसांत विशेष हादरा नाही. बाबल्याला म्हटलं, आता आत झोपायला हरकत नाही. "हवामान खात्याने सांगितलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तीन आठवडे शिट्टी नाही."

तो काहीतरी बोलला आणि चमत्कारिक नजरेने बघत गेला.

२ फेब्रुवारी

काल दुपारी मोठा धक्का बसला. आज लिहायलाच हवं.

मी ओसरीवर होतो. जमिनीतून आवाज आला तेव्हा मी नर्मदेला हाक मारली, कासव उचललं आणि अंगणाच्या मध्यावर आलो. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली, कौलं पडली. बुधीबाई वाडीतून धावत आली. बाबल्या बायजीला पाठीवर घेऊन कुंपणाच्या फटीतून आमच्याकडे आला. कोणाला लागलं नाही.

सगळे खाली बसलो. बायजीचे ओठ जपासारखे हलत होते. तेवढ्यात बाबल्याने मान वळवली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "शिट्टी कोण मारतंय?"

तो माझ्यापासून दहा पावलांवर होता. कासव माझ्या मांडीवर होतं.

मी नर्मदेकडे बघितलं. तिने मान खाली घातली. बुधीबाईनेही. बाबल्याला त्या दोघींनी काही शिकवलेलं नव्हतं. तो उठून आला, वाकला, कासवाकडे बोट करून म्हणाला, "काका, हे वाजतंय. कुणी शीळ घालावी तसं. तुम्हाला नाही…" आणि थांबला.

मी कासव उचलून उजव्या कानाला लावलं. त्याचं नाक माझ्या कानाच्या पाळीला टेकलं होतं. कानात वारा शिरला, गार, थांबून थांबून. आवाज नव्हता. डावीकडे धरलं. तिथेही वाराच.

मग मी ते समोर धरून बघितलं. महिनाभर मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, फक्त ऐकत होतो. नाकाच्या दोन्ही भोकांवर बुडबुडे येत होते. दर श्वासाला तोंड उघडत होतं, मान पुढे ताणली जात होती. मी लिहिलं होतं ते उन्हाकडे तोंड करून शांत बसतं.

बाबल्या चेष्टा करील असं वाटलं. त्याने केली नाही. त्याचं मला जास्त लागलं.

३ फेब्रुवारी

उधवा. बाबल्याने मोटारसायकलवर नेलं. सुनिल डॉक्टरांनी पिशवी उघडली आणि त्यांना कानाशी धरायची गरजही पडली नाही.

"चौथं कधी होतं?" त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली. एक महिना दोन दिवस. ते रागावले नाहीत. म्हणाले, आता हे माझ्या हातातलं राहिलं नाही. छातीचा फोटो काढावा लागेल, वाफ द्यावी लागेल, चोवीस तास ऊब हवी. डहाणूत फॉरेस्टच्या देखरेखीत अशा जिवांवर इलाज करणारे लोक आहेत, उद्याच्या उद्या द्या. आजचं इंजेक्शन मी देतो.

"नाही दिलं तर?"

"आठवडा. फार तर दहा दिवस."

हे ते माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलले. मला शब्द न् शब्द कळला. माणसं माझ्याकडे बघून बोलली की मला कळतं, हे मला आज कळलं.

४ फेब्रुवारी

गेलो नाही. सकाळी कपडे घातले, पिशवी काढली आणि ओसरीवर बसून राहिलो. नर्मदेने एकदाही चला म्हटलं नाही. दुपारी तिने टोपलीत जुनी चादर अंथरली, वर बल्ब टांगला आणि कासव आत ठेवलं. मग स्वतः शेजारी बसली. दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघून बोटांनी शिट्टी किती ते दाखवायची, जास्त, कमी, जास्त. न विचारता.

चार वर्षं तिला ते नको होतं असं मी समजत होतो. बल्बच्या उजेडात ती त्याचं नाक पदराने पुसत होती.

दिलं तर परत मिळणार नाही. न दिलं तर मरेल. हे मी सकाळपासून पन्नास वेळा स्वतःला सांगितलं. दर वेळी वाटतं आणखी काहीतरी उरलं असेल. काही उरलेलं नाही.

५ फेब्रुवारी

देऊन आलो.

डहाणूच्या फॉरेस्ट ऑफिसात शितल नावाची वनरक्षक मुलगी होती. सांगायचं ठरवलं होतं तेवढंच, नर्मदेकडे हात करून, म्हटलं, "बाई, गुन्हा माझा आहे. हिचा नाही. हिला घरी जाऊ द्या."

ती हसली आणि खुर्ची दाखवली. एका माणसाने टोपली आत नेली. ती कागद पुढे ओढून लिहायला लागली, मान खाली घालून. लिहितानाच काहीतरी विचारत होती. तिचे ओठ दिसत नव्हते. मी अंदाजाने "हो" म्हटलं. तिने वर बघितलं, पुन्हा विचारलं, पुन्हा खाली बघितलं. मी पुन्हा "हो" म्हटलं. नर्मदा शेजारी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, पण ती बोलली नाही. माझी वाट बघत होती.

मी टेबलावर डायरी ठेवली. म्हटलं, "त्याच्या आजाराचं सगळं यात लिहिलंय. कधी वाजलं, काय खाल्लं, इंजेक्शनं कधी दिली. आत डॉक्टरांना दाखवा, उपयोग होईल. फक्त सात जानेवारीपासून पुढचं धरू नका. मी शिट्टी नाही असं लिहिलंय, ते खोटं आहे."

"खोटं का लिहिलंत?" हे तिने वर बघून विचारलं.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

पुढे आणखी काही बोलायचं होतं, सर्दीचं, दड्यांचं. ते राहू दिलं.

ती उठली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि एकेक प्रश्न सावकाश विचारला. कासव आता किती वाजतं, हे विचारलं तेव्हा मी नर्मदेकडे बोट केलं. "ते हिला विचारा. महिनाभर हीच बरोबर सांगत होती." नर्मदेने सांगितलं. शितलने लिहून घेतलं. खाली सही मी केली, आणि मग म्हटलं हिचीही घ्या.

मला कोणी धरलं नाही. डायरीची झेरॉक्स काढून त्यांनी डायरी परत दिली. कासवाला एकदा बघू का असं विचारायचं होतं. आतलं दार बंद होतं आणि मी विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

कानाचे डॉक्टर. हेडफोन लावून बटण दाबायला सांगितलं, आवाज आला की दाबा. मी बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो. जाडे आवाज येतात, बारीक गेलेत. काही आधीपासून गेलेले, काही या सर्दीत. मशीन लावून थोडे परत येतील म्हणाले, सगळे नाही.

येताना नर्मदा रिक्षात माझ्या समोरच्या बाजूला, उलट्या तोंडाची बसली. तिला उलटं बसलं की मळमळतं. तरी बसली.

२४ फेब्रुवारी, रविवार

दुपारी नर्मदा फोन घेऊन धावत आली. शितलचा होता. मी फोन कानाला लावून उपयोग नव्हता म्हणून समोर बसून नर्मदेचं तोंड बघत राहिलो. ती नुसती "हं, हं" करत होती. माझा धीर सुटला. ही डायरी आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. ती ऐकत ऐकत लिहीत गेली. पुढचं अक्षर तिचं आहे:

जिवंत आहे. सोमवारपासून पाला खातं. एक फुफ्फुस कमजोर राहील. बरं झालं तरी आपल्याला देणार नाहीत.

मी बोटाने दाखवलं, वाजतं का विचार. तिने विचारलं आणि लिहिलं:

अजून थोडं वाजतं.

खरं असणार.